मॅन्युअल थेरपीचं ट्रेनिंग आणि रिसर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपीटीएचची (फिजिओथेरपीच्या पदवीची) मुलं, नुकतेच पास झालेले, एमपीटीएचला (पदव्युत्तर पदवीला) मस्क्युलोस्केलेटल म्हणजे हाडं-सांधे-स्नायूंची शाखा घेऊन थेसिसचा विषय शोधत बसलेले, कधी त्यांचे आईवडील आणि कधी तर पेशंटसुद्धा, सगळ्यांकडून साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांब झालीत, कारण तिथे दोन ओळीत सांगितलं की गैरसमज होतो.

मॅन्युअल थेरपी म्हणजे नक्की काय? मसाजच ना शेवटी?

नाही. मसाज हा त्यातला एक छोटा भाग झाला. हाताने सांधा, स्नायू, नस तपासायची, कुठे हालचाल अडतेय, कुठल्या हालचालीला दुखतंय ते शोधायचं, मग ठरवून, मोजून एखादी हालचाल द्यायची आणि लगेच पुन्हा तपासायचं की फरक पडला का. ही सगळी साखळी म्हणजे मॅन्युअल थेरपी. यात मोबिलायझेशन येतं, म्हणजे हळू, लयीत, पेशंट कधीही थांबवू शकेल असं. आणि मॅनिप्युलेशन येतं, म्हणजे छोटा पण झटकन दिलेला थ्रस्ट, जो पेशंट मधेच थांबवू शकत नाही. हा फरक डोक्यात पक्का बसवा, कारण सेफ्टीचे सगळे नियम त्यावरच उभे आहेत.

मेटलंड, मुलिगन, मॅकेन्झी, कालटेनबॉर्न... इतकी नावं का? कुठलं खरं?

ही वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी आपापल्या पेशंटवर काम करता करता उभी केलेली पद्धती आहेत. जेफ्री मेटलंड ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे, त्यांनी मोबिलायझेशनला ग्रेड दिले. ग्रेड १ म्हणजे हालचालीच्या सुरुवातीला अगदी छोटं ऑसिलेशन (लयीत पुढे-मागे हालचाल), २ म्हणजे मोठं पण रेझिस्टन्स (अडथळा) लागायच्या आत, ३ मोठं आणि रेझिस्टन्समध्ये जाणारं, ४ छोटं पण रेंजच्या शेवटाला, आणि थ्रस्टला लोक ५ म्हणतात. फ्रेडी कालटेनबॉर्न नॉर्वेचे, त्यांनी सांध्याच्या पृष्ठभागाचा आकार बघून ग्लाइडची (सांध्याचा एक पृष्ठभाग दुसऱ्यावर सरकवण्याची) दिशा ठरवायचा नियम दिला. ब्रायन मुलिगन न्यूझीलंडचे, त्यांच्यात थेरपिस्ट ग्लाइड धरून ठेवतो आणि पेशंट स्वतः हालचाल करतो, आणि ती बिनदुखणारीच हवी ही अट. रॉबिन मॅकेन्झी पण न्यूझीलंडचेच, १९५६ मध्ये वेलिंग्टनला त्यांच्या क्लिनिकमध्ये पायात दुखणं उतरलेला एक पेशंट डोक्याकडून वर उचललेल्या कोचवर पालथा पडून राहिला आणि उठल्यावर त्याला पायाचं दुखणं कमी वाटलं, तिथून त्यांचं एक्सटेंशनवरचं (मागे वाकण्याच्या हालचालीवरचं) काम सुरू झालं. आणि त्याआधी इंग्लंडमध्ये जेम्स सिरिॲक्स होते, डॉक्टर, त्यांचा कॅप्सुलर पॅटर्न (सांध्याचं आवरण आखडलं की हालचाली कुठल्या क्रमाने कमी होतात ते) आपण आजही पाठ करतो, खांद्याला एक्सटर्नल रोटेशन (हात बाहेर फिरवणं) सगळ्यात जास्त कमी, मग ॲबडक्शन (बाजूला उचलणं), मग इंटर्नल रोटेशन (आत फिरवणं).

कुठलं खरं या प्रश्नात अडकू नका. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, आधी तपासणी, मग उपचार, मग पुन्हा तपासणी. तो भाग ज्याला येतो त्याला कुठलीही पद्धत कामाला येते. तो येत नसेल तर चारही कोर्स करून हातात फक्त ट्रिका राहतात.

पण नियम तरी बरोबर असतात ना? कॉन्केव्ह-कॉन्व्हेक्स (खोलगट-फुगीर पृष्ठभागांचा) वगैरे?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण रिसर्च कशाला करायचा याचं उत्तर इथेच मिळतं. कालटेनबॉर्नच्या या नियमाप्रमाणे खांद्याचं एक्सटर्नल रोटेशन वाढवायचं तर ह्युमरसचं (दंडाच्या हाडाचं) डोकं पुढे सरकवायला हवं, म्हणजे अँटीरियर ग्लाइड. आपण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) तेच सांगतो. २००७ मध्ये फ्रोझन शोल्डरच्या (जखडलेल्या खांद्याच्या) पेशंटवर एक छोटी रँडमाइज्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकल्यासारखे ग्रुप पाडून केलेला अभ्यास) आली, एका ग्रुपला अँटीरियर, दुसऱ्याला पोस्टीरियर म्हणजे मागे ग्लाइड दिलं, आणि एक्सटर्नल रोटेशन पोस्टीरियर ग्रुपमध्ये बरंच जास्त वाढलं. नियमाच्या बरोबर उलट. ट्रायल छोटी होती, त्यामुळे नियम मोडीत काढा असं मी म्हणत नाही, पण पेशंटच्या खांद्यावर दोन्ही दिशा करून बघा, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावा आणि जी दिशा त्या माणसाला चालते ती घ्या. पुस्तकातला नियम सुरुवातीचा अंदाज देतो, शेवटचा निकाल पेशंटचा सांधाच देतो.

'कट्' आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला ना?

नाही. मणका जागेवरून हललेलाच नसतो, त्यामुळे तो बसवायचा प्रश्नच नाही. सांध्यातल्या द्रवात दाब झटकन कमी झाला की गॅसची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या टीमने बोटाचा सांधा मोडताना तो एमआरआयमध्ये चालता बघितला आणि आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली. एकदा मोडलेलं बोट लगेच परत मोडत नाही, साधारण वीसेक मिनिटं जावी लागतात, ते पण यामुळेच. आणि आवाज आला की गुण आला, नाही आला तर नाही, असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यामुळे रीलमध्ये माइक लावून मान मोडणारे व्हिडिओ बघून शिकू नका, त्यात तपासणी कुठेच नसते.

आणि पेशंटला "तुमचा मणका सरकलाय", "गॅप आलीय", "नस दबलीय" असं सहज बोलू नका. हे शब्द माणूस घरी घेऊन जातो. मग वाकायला घाबरतो, नातवाला उचलत नाही, शेतात जाणं सोडतो, आणि वर्षानुवर्षं पट्टा लावून बसतो. तुमच्या हातापेक्षा तुमच्या बोलण्याचा परिणाम जास्त टिकतो, ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये शिकवली गेली पाहिजे आणि ती फार कमी ठिकाणी शिकवतात.

मग गुण कशाने येतो?

सगळं समजलंय असं कोणी म्हणत नाही, पण आता कल असा आहे की हाताचा दाब हा मज्जासंस्थेला दिलेला एक इनपुट आहे, त्याने दुखण्याची संवेदना काही वेळ कमी होते, स्नायू सैल पडतो, त्यात स्पर्शाचा, विश्वासाचा आणि पेशंटच्या अपेक्षेचाही वाटा असतो. हा फरक बऱ्याचदा थोडा वेळच टिकतो. म्हणून तो वेळ वापरायचा असतो, दुखणं कमी झालेल्या त्या अर्ध्या तासात व्यायाम करून घ्यायचा. नुसतं मोबिलायझेशन देऊन घरी पाठवलं तर पुढच्या आठवड्यात पेशंट तेच दुखणं घेऊन येणार.

आपल्याकडे गावात कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ मारून घ्यायचे, अजूनही घेतात. आणि बरेच जण बरे होतात. का होतात? कारण उसण भरलेली कंबर बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआपच सुटते. हेच आपल्या क्लिनिकमध्येही होत असतं. म्हणून "माझ्याकडे दहापैकी आठ बरे झाले" याला पुरावा म्हणत नाहीत, शेजारी तुलनेला दुसरा ग्रुप लागतो.

मोठ्या अभ्यासांत काय निघालंय? काम करतं की नाही?

करतं, पण जितकं जाहिरातीत सांगतात तितकं नाही. ब्रिटनमध्ये यूके बीम नावाची ट्रायल झाली, २००४ मध्ये छापून आली, कंबरदुखीचे १३३४ पेशंट. मॅनिप्युलेशन आणि त्यानंतर व्यायाम ज्यांना मिळाला त्यांना तीन महिन्यांनी मध्यम फायदा आणि वर्षाने छोटा फायदा, नेहमीच्या जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) उपचारांच्या तुलनेत. ब्रिटनच्याच नाइसने (उपचारांच्या गाइडलाइन काढणारी तिथली संस्था) २०१६ च्या गाइडलाइनमध्ये सांगितलं की मॅन्युअल थेरपी द्यायची तर व्यायामासोबत पॅकेजचा भाग म्हणूनच, एकटी नाही. डब्ल्यूएचओने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर गाइडलाइन काढली, त्यात स्पायनल मॅनिप्युलेशनला अटींसह होकार आहे आणि ट्रॅक्शन (मशीनने ताण देणं), अल्ट्रासाउंड आणि टेन्स (त्वचेवरून विजेचा हलका प्रवाह) नेहमीसाठी देऊ नका असं आहे. आपल्या किती ओपीडींमध्ये सकाळपासून ट्रॅक्शनचं टेबल रिकामं होत नाही ते आठवा. २०२० मध्ये जगात कंबरदुखीचे अंदाजे ६१.९ कोटी लोक होते. इतक्या लोकांना मशीनखाली झोपवण्यात वेळ घालवायचा की ज्याला पुरावा आहे ते द्यायचं, हा आपल्या धंद्याचा प्रश्न आहे आणि मला तो टोचतो.

भारतात आणि महाराष्ट्रात हे शिक्षण कसं आहे? बीपीटीएचमध्ये पुरेसं शिकवतात का?

थोडी पार्श्वभूमी. देशातलं पहिलं फिजिओथेरपी स्कूल मुंबईला परळच्या केईएममध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालं, डब्ल्यूएचओच्या मदतीने, पोलिओच्या साथीनंतर. म्हणजे आपला धंदाच मुळात पांगळ्या झालेल्या लेकरांना उभं करण्यातून सुरू झाला. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स १९५५ ची. आज महाराष्ट्रात बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते विद्यापीठ १९९८ चं. बीपीटीएच आत्तापर्यंत साडेचार वर्षांचं, म्हणजे चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप, ॲडमिशनला 'नीट' (NEET) परीक्षा लागते. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याखाली राष्ट्रीय आयोग आला आणि त्याच्या नव्या अभ्यासक्रमात वर्षभराची इंटर्नशिप धरून पाच वर्षं आहेत, त्यामुळे ज्या वर्षी ॲडमिशन घेताय त्या वर्षीचं माहितीपत्रकच बघा, सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.

पुरेसं शिकवतात का? ओळख होते. ग्रेड कळतात, चारपाच सांध्यांचे ग्लाइड एकमेकांवर करून बघता, प्रॅक्टिकलला एखादं येतं. पण वीस वर्षांच्या लवचिक मैत्रिणीच्या खांद्यावर ग्लाइड देणं आणि डायबेटिस असलेल्या पंचावन्न वर्षांच्या काकूंच्या जखडलेल्या खांद्यावर देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हाताला दोन्हीकडे वेगळं लागतं. इंटर्नशिपमध्ये मशीन लावायला उभं केलं तर विनंती करून तपासणीला बसा. सिनियर जे पेशंट बघतात त्यांच्या शेजारी उभं राहा, ते सांध्याला हात लावल्यावर तुम्हीही लावा, आणि विचारा की तुम्हाला काय लागलं.

वीकेंड वर्कशॉप करू की एमपीटीएच?

एमपीटीएच दोन वर्षांचं, थेसिस असतो, आणि वेगवेगळ्या पेशंटवर रोज काम होतं. शक्य असेल तर तेच. वर्कशॉप वाईट नाहीत, पण दोन दिवसांत साठ जणांच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून मोबाइलवर शूटिंग करून हात तयार होत नाही. सर्टिफिकेट मिळतं, भिंतीवर लागतं, सोमवारी पेशंटवर ते सुचत नाही.

कोर्स निवडताना मी या गोष्टी बघायला सांगतो. शिकवणाऱ्याच्या मागे किती विद्यार्थी आहेत, दहाबारा जणांना एक मदतनीस तरी आहे का. खऱ्या पेशंटवर डेमो होतो का, आणि त्या पेशंटला दुसऱ्या दिवशी परत बोलावून बघतात का. शेवटी परीक्षा आहे का आणि त्यात कोणी नापास होतं का. कोर्स संपल्यावर केस पाठवायची, चर्चा करायची सोय आहे का. मॅकेन्झी संस्थेचे कोर्स ए ते डी असे टप्प्यात आहेत आणि नंतर क्रेडेन्शियलची परीक्षा आहे, मुलिगनमध्येही शेवटी परीक्षा देऊन सर्टिफाइड होता येतं. जागतिक पातळीवर इफॉम्प्ट ही संघटना आहे, १९७४ मध्ये माँट्रियलला स्थापन झाली, त्यांच्या दर्जाप्रमाणे स्पेशलिस्ट व्हायचं तर अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली पेशंटवर १५० तास काम करावं लागतं. देखरेखीखाली, हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. दोन दिवसांच्या कोर्सच्या जाहिरातीत "मास्टर" असा शब्द दिसला की हा आकडा आठवा.

आणि फी भरण्याआधी एक करा, आधी शिकलेली एकच टेक्निक पुढचे तीन महिने रोज वापरून, प्रत्येक वेळी आधी-नंतर मोजून बघा. बहुतेकांना त्यानंतर नवा कोर्स लगेच लागत नाही.

हात तयार कसा करायचा? घरी प्रॅक्टिस होते का?

होते. थेरपिस्ट थेरपिस्टमध्ये दाबाचा फरक प्रचंड असतो, एकच ग्रेड ३ सांगितला तरी एक जण हलकं दाबतो आणि दुसरा त्याच्या कितीतरी पट, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि हेही दिसलंय की साध्या वजनकाट्यावर दाबून, आकडा बघत सराव केला की हात सुधारतो. तर घरचा बाथरूमचा वजनकाटा काढा, टेबलावर ठेवा, अंगठ्याने किंवा तळहाताच्या कडेने पाच किलोपर्यंत दाबा, तिथे धरा, सोडा, मग डोळे मिटून तेवढंच दाबायचा प्रयत्न करा आणि उघडून बघा. मग दहा. मग पाच आणि सात यांच्यात लयीत ये-जा. पंधरा मिनिटं रोज. सोडून दिलं की हा अंदाज काही दिवसांत घसरतो, म्हणून मधून मधून परत काट्यावर यायचं. काटा महाग नाही आणि कुठल्याही कोर्सइतकं शिकवतो.

दाबायला ताकद बोटातून घ्यायची नाही, खांदे पेशंटच्या वर आणून अंगाचं वजन सोडायचं. टेबलाची उंची आधी जमवा. उंचीला ठोक नियम नाही, कोपर सरळ ठेवून दाबता आलं पाहिजे आणि तुमची कंबर वाकता कामा नये.

पाल्पेशन (हाताने चाचपून तपासणं) मला जमतच नाही, मॅडमना कडक लागतो तो मणका मला तसाच लागतो. माझ्यातच खोट आहे का?

नाही. "हा मणका हलत नाही" यावर दोन अनुभवी थेरपिस्टचंही फारसं एकमत होत नाही, रिलायबिलिटीच्या (परत मोजलं तर तेच उत्तर येतं का, याच्या) अभ्यासांत हे कायम खराब निघतं. दाबल्यावर "इथे दुखतंय, माझं नेहमीचं दुखणं हेच" असं पेशंट सांगतो त्यावर एकमत बरंच चांगलं होतं. तेव्हा बोटांपेक्षा पेशंटला जास्त विचारा. आणि मॅनिप्युलेशन देताना ठरवलेल्या लेव्हललाच आवाज येतो असंही नाही, शेजारच्या लेव्हलला जातो, दोनतीन ठिकाणी येतो, हे मोजलं गेलंय. एल फोर की एल फाइव्ह (कंबरेचा चौथा मणका की पाचवा) यावर वाद घालण्यात केस कॉन्फरन्सचा वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत.

कुठे हात लावायचाच नाही?

इथे मी अजिबात सैल बोलणार नाही. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचाचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, दोन्ही पायांत वाढता अशक्तपणा, असं काही असेल तर टेबलावर घ्यायचं नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटलला पाठवायचं. कॅन्सरचा इतिहास, पडल्यानंतरचं दुखणं आणि वय जास्त, अनेक वर्षं स्टिरॉइड, हाडं ठिसूळ, वजन उतरणं, ताप, रात्री घाम, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काही असेल तरीही हात लावायचा नाही. आपल्या देशात मणक्याचा टीबी आहे, तो परदेशी पुस्तकात एका ओळीत असतो, आपल्या ओपीडीत तो प्रत्यक्ष समोर येतो. महिनोन् महिने पाठ दुखतेय, बारीक ताप आहे, वजन कमी झालंय अशा मुलीला "पोश्चर खराब आहे" म्हणून मोबिलायझेशन देत राहणं हे अक्षम्य आहे.

मानेला तर दुप्पट काळजी. चक्कर, दोन दोन दिसणं, बोलणं अडखळणं, गिळायला त्रास, अचानक कोसळणं, मळमळ, चेहऱ्यावर बधिरपणा, डोळे थरथरणं हे विचारायचंच, आणि "आयुष्यात असं डोकं किंवा मान कधी दुखली नव्हती" असं पेशंट म्हणाला तर तिथेच थांबायचं, कारण मानेच्या रक्तवाहिनीला चीर पडली असेल तर सुरुवात बऱ्याचदा नुसत्या मानदुखीने होते. इफॉम्प्टने यासाठी मार्गदर्शक चौकट काढलीय, २०१२ ची, २०२० मध्ये सुधारलेली, मोफत मिळते. बीपी मोजणं त्यात आहे. किती क्लिनिकमध्ये बीपीचं मशीन आहे ते बघा.

वारीत, शिबिरात पेशंटना थ्रस्ट दिला तर चालेल का?

नको. वारीच्या वाटेवर कॉलेजं फिजिओची शिबिरं लावतात, फार चांगलं काम आहे, पण तिथे रांग असते, इतिहास नीट विचारता येत नाही, दिवसभर चाललेली वयस्कर माणसं असतात आणि दुसऱ्या दिवशी ती पुढच्या मुक्कामाला गेलेली असतात. काही झालं तर तुम्हाला कळणारही नाही. पाय, पोटऱ्या, हलकं मोबिलायझेशन, टेपिंग, चपलांचा सल्ला, बस्स.

संमती तोंडी चालते का?

मोबिलायझेशनला तोंडी घेऊन नोंद केली तर चालण्यासारखं आहे, मानेच्या थ्रस्टला लेखी घ्या. काय करणार, काय वाटेल, धोका काय, दुसरा पर्याय काय, आणि "नको म्हणालात तरी बाकी उपचार तसेच चालू राहतील" हे शेवटचं वाक्य विसरू नका. बाई पेशंट असेल तर कुठे हात लावणार ते आधी सांगायचं, चादर द्यायची, सोबत कोणी हवंय का विचारायचं. गावाकडच्या मावशी नको म्हणायला लाजतात, त्यांचं गप्प राहणं म्हणजे होकार नाही.

थेसिसला विषय कुठला घेऊ?

"मेटलंड विरुद्ध मुलिगन" आता पुरे. असे थेसिस कपाटं भरून आहेत, दोन्ही ग्रुप बरे होतात, आणि पी व्हॅल्यूवरून (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते सांगणारा आकडा) जिंकलं-हरलं ठरवतात. प्रश्न तुमच्या ओपीडीतून उचला. सोलापूरला विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मान खाली घालून बसतात, इचलकरंजीला पॉवरलूमवर उभं राहून काम चालतं, ऊसतोड कामगार वाकून तोडतात आणि मोळी डोक्यावर घेतात. यांना दर दोन दिवसांनी ओपीडीला येणं परवडत नाही. मग एकदा हाताने उपचार आणि घरचा व्यायाम नीट शिकवणं विरुद्ध सहा वेळा बोलावणं, यात किती फरक पडतो? या प्रश्नाचं उत्तर आलं तर कोणाची तरी दिवसाची मजुरी वाचेल.

दुसरा चांगला विषय मोजण्याच्या साधनांचा. आपण वापरतो ते अपंगत्वाचे बहुतेक प्रश्नसंच बाहेरून आलेत. त्यात मांडी घालून जेवणं, उकिडवं बसणं, भारतीय संडास, विहिरीचं पाणी ओढणं कुठून असणार? नुसतं भाषांतर करून भागत नाही, दोन जणांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मग उलट इंग्रजीत करून ताडून बघायचं, मग खऱ्या पेशंटसमोर वाचून त्यांना काय कळलं ते विचारायचं, मग रिलायबिलिटी. आधीच मराठी आवृत्ती झालीय का ते तपासा आणि मूळ मालकाची परवानगी घ्या.

सॅम्पल साइज गाईड म्हणाले तीस घे. बरोबर आहे का?

तीस कुठून आले ते विचारा. समजा वेदना ० ते १० च्या स्केलवर मोजताय, दोन ग्रुपमध्ये २ गुणांचा फरक पकडायचाय, स्टँडर्ड डिव्हिएशन (पेशंटच्या गुणांतला पसारा) २.५ धरलं, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के आणि ५ टक्क्यांची पातळी, तर प्रत्येक ग्रुपमध्ये साधारण २५ लागतात, पंधरा टक्के गळती धरली तर ३०. म्हणजे प्रत्येक ग्रुपमध्ये ३०, दोन्ही मिळून नाही. आणि तुम्हाला फक्त १ गुणाचा फरक पकडायचा असेल तर प्रत्येक ग्रुपमध्ये जवळपास १००. दोन टेक्निकमधला फरक खरं तर असा छोटाच असतो, म्हणून १५-१५ पेशंटवर केलेल्या तुलनेतून काही निघत नाही. दोन वर्षांत दोनशे पेशंट मिळणार नाहीत, मग प्रश्न बदला, किंवा दोनतीन कॉलेजांनी मिळून एकच ट्रायल करा. हे दुसरं फार कमी होतं आणि व्हायला हवं.

ब्लाइंडिंग (कोणाला कुठला उपचार मिळतोय ते कळू न देणं) कसं करणार? थेरपिस्टला तर कळतंच काय देतोय ते.

बरोबर, थेरपिस्ट ब्लाइंड होऊच शकत नाही आणि पेशंट करणंही कठीण. पेड्रो स्केलवर (ट्रायलचा दर्जा तपासायची यादी) दहापैकी गुण असतात, त्यातले हे दोन बहुतेक मॅन्युअल थेरपीच्या ट्रायलना मिळत नाहीत, म्हणून आठ आले म्हणजे उत्तम. पण हातात आहे ते तरी करा. रँडमायझेशन दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, बंद अपारदर्शक पाकिटात ठेवा, मोजमाप घेणारा वेगळा ठेवा ज्याला ग्रुप माहीत नाही, आणि सोडून गेलेल्यांना हिशोबात धरा. वेदना मात्र पेशंटच सांगतो आणि त्याला उपचार माहीत असतात, तेव्हा तिथे मोजणारा ब्लाइंड म्हणून फार उपयोग नाही, हे मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा. तुलनेच्या ग्रुपलाही तेवढाच वेळ आणि तेवढंच बोलणं मिळालं पाहिजे, नाहीतर तुम्ही वेळेचा परिणाम मोजाल, हाताचा नाही.

एथिक्स, सीटीआरआय (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) हे सगळं थेसिसला लागतं का?

लागतं. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, मग सीटीआरआयवर नोंदणी, मग पहिला पेशंट, याच क्रमाने. सीटीआरआय २००७ पासून आहे, आयसीएमआरची संस्था चालवते, फुकट आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून अभ्यास सुरू झाल्यावर मागाहून नोंदणी घेत नाहीत. उशीर केला तर चांगली जर्नल्स दारातूनच परत पाठवतात. मेन आउटकम (मुख्यतः काय मोजणार) कुठला ते नोंदणीतच लिहावं लागतं, आणि ते चांगलंच आहे, कारण मग सहा गोष्टी मोजून जी सिग्निफिकंट आली तीच मिरवता येत नाही.

निकालात फरकच नाही आला तर थेसिस वाया?

उलट. २००२ मध्ये अमेरिकेत फ्लिन आणि सहकाऱ्यांनी पाच लक्षणांचा एक नियम काढला, दुखणं १६ दिवसांपेक्षा कमी, गुडघ्याखाली उतरत नाही, भीतीच्या प्रश्नावलीतल्या कामाच्या भागात १९ पेक्षा कमी, कंबरेत कडकपणा, आणि एका तरी खुब्यात इंटर्नल रोटेशन ३५ अंशांच्या वर. यातली चार बसली की मॅनिप्युलेशनने गुण येण्याची शक्यता खूप जास्त. २००४ मध्ये दुसऱ्या ट्रायलमध्ये तो टिकला, सगळीकडे शिकवला जायला लागला. मग २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात वेगळ्या पेशंटवर, बहुतांशी मोबिलायझेशन वापरून, तपासला तर तिथे त्याचा उपयोग दिसला नाही. तो "फरक नाही" असा निकाल आज प्रत्येक चांगल्या शिक्षकाच्या लेक्चरमध्ये असतो. तुमचा निकाल आहे तसा लिहा. आकडे सुंदर दिसावेत म्हणून दोन पेशंट गाळले तर त्याला दुसरा शब्द नाही, ती फसवणूक आहे, आणि तिचा भुर्दंड पुढे कोणाच्या तरी कंबरेला बसतो.

वाचायला कुठून सुरू करू? जर्नल्सना पैसे लागतात.

पेड्रो डेटाबेस, सिडनीहून १९९९ पासून चालतो, फुकट, फक्त फिजिओथेरपीचे ट्रायल, रिव्ह्यू आणि गाइडलाइन्स. आठवड्याला एक ट्रायल, दोघंतिघं मिळून, बुधवारी डबा खाताना. पेड्रोचे प्रश्न लावत वाचलं की तीन महिन्यांत ॲब्स्ट्रॅक्टवर विश्वास ठेवायची सवय सुटते.

परदेशात चालेल का?

वीकेंड सर्टिफिकेटवर काही चालत नाही. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या नोंदणी संस्थेकडे नोंदणी, ऑस्ट्रेलियात आधी पदवी तपासून परीक्षा आणि मग नोंदणी. मूळ पदवी, तास आणि देखरेखीखालचं क्लिनिकल काम बघतात. लॉगबुक पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर आठवून भरता येत नाही.

मी पेशंट आहे, थेरपिस्ट चांगला कसा ओळखू?

महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य कौन्सिल आहे, नोंदणी नंबर विचारा, विचारण्यात काही गैर नाही. पहिल्या भेटीत कपडे सैल करून नीट तपासलं का, काय करणार ते सांगितलं का, केल्यावर परत वाकून-वळून बघायला लावलं का, घरी काय करायचं ते शिकवलं का. एकदम वीस सिटिंगचे पैसे आधी मागितले तर थांबा. चारपाच भेटींत काहीच फरक नसेल तर चांगला थेरपिस्ट स्वतःच म्हणतो की दुसरं काही बघूया.

कपिंग (कप लावून त्वचा ओढणं), ड्राय नीडलिंग (स्नायूत कोरडी सुई टोचणं) पण शिकू का?

नंतर. आधी तपासणी.

माझे अंगठे आत्तापासूनच दुखतात, पुढे कसं होणार?

हा फार जणांचा त्रास आहे आणि लाजून कोणी बोलत नाही. अंगठ्याच्या टोकाने दाबणं कमी करा, तळहाताची कड, कोपर, मूठ, मुलिगनचा बेल्ट, वेज (पाचरीसारखा ठोकळा), सगळं वापरायला शिका. अंगठा लावायचाच तर सांधे सरळ रेषेत ठेवा, मागे वाकू देऊ नका, आणि दुसऱ्या हाताचा आधार द्या. दिवसाचे पेशंट असे लावा की तीन मॅन्युअल झाले की एक व्यायामाचा. आणि दुखणं दोन आठवड्यांहून जास्त राहिलं तर सहकाऱ्याला दाखवा, रीतसर, केस पेपर काढून.